चार वर्षांच्या मुलासाठी दातांचा डॉक्टर कसा निवडायचा? तिघांनी तीन वेगळी मतं दिलीत (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण नीट कळावं म्हणून सगळंच लिहिते. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. वरचे पुढचे चारही दात किडलेत, मधले दोन तर हिरडीजवळ तपकिरी होऊन कडेने तुटायला लागलेत. खाली उजवीकडच्या दाढेत खड्डा आहे, त्यात पोळीचा कण जरी अडकला तरी गालावर हात ठेवून बसतो आणि त्या बाजूने चावतच नाही. रात्री उठून रडणं अजून नाही, सूज नाही, ताप नाही.

आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. पहिले आमचे घराजवळचे नेहमीचे डेंटिस्ट, मोठ्यांसाठी खरंच चांगले आहेत, ते म्हणाले दुधाचेच दात आहेत पडून जातील, दुखायला लागलं तर काढून टाकू. दुसरीकडे खास मुलांचं क्लिनिक, भिंतीवर कार्टून, खेळायला घसरगुंडी, तिथे पाच मिनिटांत बघून सांगितलं की सात दातांचं काम आहे, पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी उरकून टाकू. एक्स-रे काढलाच नाही. आकडा ऐकून आम्ही दोघं गप्पच बसलो. तिसऱ्या ठिकाणी मला बाहेर थांबायला लावलं, आतून त्याच्या रडण्याचा आवाज वाढत गेला तशी मी दार उघडून आत गेले तर असिस्टंटने त्याचे दोन्ही हात दाबून धरलेले. तिथून त्याला उचलून घेऊन आले. तेव्हापासून दाताचं नाव काढलं की ओठ गच्च मिटून घेतो, घरी ब्रशसुद्धा करू देत नाही.

सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला भूलबिल काही द्यायची नाही, दुधाच्या दातांसाठी कुणी इतकं करतं का. नवऱ्याचं म्हणणं भूल देऊन एकदाचं होऊन जाऊ दे, रोज रोज रडवण्यापेक्षा. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. तुमच्या मुलांसाठी डॉक्टर निवडताना नक्की काय बघितलंत? फोनवर काय विचारायचं? आणि नाशिकमध्ये कुठे दाखवावं याबद्दल कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

दोन_पोरांची_आई (पुणे)

अगं पहिलं म्हणजे तू त्याला उचलून बाहेर आणलंस हे एकदम बरोबर केलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

माझ्या धाकटीचं असंच होतं, पुढचे दात आणि दोन दाढा. आम्हाला शेवटी ज्या डॉक्टर मिळाल्या त्यांनी पहिल्या दिवशी काहीही केलं नाही. म्हणजे खरंच काही नाही. लेकीच्या हातात एक प्लॅस्टिकची मगर दिली, छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या हिचे दात मोजून दे बरं मला. मग तिला पाण्याचा फवारा तिच्याच तळहातावर मारायला दिला, हवेचा पाइप फ्रॉकवर धरून दाखवला. तोंड उघडायला सांगितलंच नाही, शेवटी हिनेच आपणहून आऽऽ केलं. पुढच्या वेळी फक्त साफसफाई आणि एक्स-रे, त्याला त्या फोटो म्हणायच्या. इंजेक्शन म्हणजे दाताला झोपवायचं औषध. ड्रिल आधी नखावर फिरवून दाखवलं (फिरतं ब्रश लावून हं, घाबरू नकोस). हे सगळं होईपर्यंत मी शेजारी स्टुलावर, तिचा पाय माझ्या मांडीवर.

म्हणून मी तर सांगेन की भिंतीवरची कार्टून आणि घसरगुंडी बघून ठरवू नकोस, पहिल्या भेटीत डॉक्टर मुलाशी बोलतात की फक्त तुझ्याशीच बोलतात ते बघ. आमच्या डॉक्टरांचं क्लिनिक अगदी साधं आहे, वाट बघायला चार खुर्च्या.

फोनवर मी हे विचारलं होतं: डॉक्टर मुलांच्या दातांचे एमडीएस (म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात पुढचं शिक्षण घेतलेले) आहेत का? रोज असतात की ठरावीक वारी येतात? हे फार महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच क्लिनिकच्या बोर्डावर मुलांचे दंततज्ज्ञ असं लिहिलेलं असतं पण ते बाहेरून आठवड्यातून एकदा येतात, त्यात चूक काहीच नाही, पण मधेच दुखायला लागलं तर कोण बघणार हे आधी माहीत हवं. आई किंवा बाबा आत बसलेले चालतात का? पहिल्या दिवशी काय करता? या शेवटच्या प्रश्नावरच मला निम्मं उत्तर मिळायचं. एका ठिकाणी रिसेप्शनवरून सांगितलं या तर खरं, बघू काय करायचं ते. तिथे गेलोच नाही.

सह्याद्रीवेडा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी कोण जायचं हो दातांच्या डॉक्टरकडे? दुखलं की लवंगेचं तेल लावलेला कापूस, नाहीतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि दात हलला की दोरा बांधून काढायचा. सगळ्यांना पक्के दात आलेच ना? आजकाल एका दाढेचं दुधाच्या दाताचं रूट कॅनल आणि कॅप धरून सहा-आठ हजार सांगतात, आमच्या भाच्याला सांगितले तेवढे. सामान्य माणसाने सात दातांचे किती भरायचे? काही ठिकाणी आईबापाची काळजी बघून आकडा वाढतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दंतवैद्य_पीडो (कोल्हापूर)

मी मुलांच्याच दातांचं काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गोदाकाठची, तोंड तपासल्याशिवाय आणि एक्स-रे बघितल्याशिवाय तुमच्या मुलाचं नक्की काय करायचं हे मी इथून सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण तिघांनी जे सांगितलं ते कुठून येतं हे कळलं तर तुम्हाला चौथ्या डॉक्टरला काय विचारायचं ते कळेल.

वरचे पुढचे चार दात किडलेले आणि खालचे पुढचे बरे, हे चित्र आम्ही रोज बघतो. रात्री झोपताना बाटलीतून दूध किंवा रात्रभर अंगावर पिणं दात आल्यानंतरही बराच काळ चालू राहिलं की होतं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांच्या मागे साठून राहतं, खालच्यांना जिभेचं झाकण मिळतं म्हणून ते वाचतात. दूध वाईट असं मी म्हणत नाहीये, त्यानंतर दात पुसले जात नाहीत हा प्रश्न आहे.

पडून जातील हे पुढच्या दातांबाबत थोडंफार खरं आहे, ते साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, म्हणजे तुमच्या मुलाला ती दाढ अजून सहा-सात वर्षं वापरायची आहे. ती आत्ता काढली तर सहाव्या वर्षी मागे जी पक्की दाढ येते ती पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा अडते आणि मग तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो. काढावीच लागली तर जागा राखायला स्पेस मेंटेनर बसवतात. त्यामुळे कुणी दाढ काढू म्हणालं तर लगेच विचारा, जागेचं काय करणार? उत्तर नीट मिळालं नाही तर तिथे काढू नका.

आता भूल. सासूबाईंची भीती मी समजू शकते, पण पूर्ण भूल ही काही पैसे काढायची युक्ती नाही. मूल फार लहान आहे, बऱ्याच दातांचं काम आहे, किंवा आधीच्या अनुभवाने ते तोंडच उघडत नाही, अशा वेळी तो योग्य पर्याय असू शकतो. फक्त तो हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, स्वतंत्र भूलतज्ज्ञ हजर असताना, आधी रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचा फिटनेस (मूल भूल द्यायला तंदुरुस्त असल्याचा दाखला) घेऊन व्हायला हवा. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलायची. उपाशी किती वेळ ठेवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, साधारण खाणं आणि दूध सहा तास आधी बंद असतं, आणि तिथे आजीने प्रेमाने दिलेलं अर्धं बिस्किटसुद्धा चालत नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मला खटकलं ते हे की एक्स-रे न काढता, बाकी पर्याय न सांगता सात दातांची भूल सांगितली गेली.

पर्याय आहेत. खड्डा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेला नसेल तर काही दाढांवर न कोरता, इंजेक्शन न देता स्टीलची कॅप बसवता येते. कीड थांबवायला चांदी असलेलं एक औषध मिळतं, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ते थेंबभर लावायचं, मिनिटभराचं काम. त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो, म्हणजे पुढच्या दातांवर ते दिसणार. काही आईबाबांना चालतं, काहींना नाही, पण निर्णय तुम्ही घ्यायचा म्हणून तो तुमच्यासमोर ठेवला गेला पाहिजे. काही ठिकाणी नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, त्यात मूल जागं पण शांत असतं आणि गॅस बंद केला की लवकर ताळ्यावर येतं, मात्र त्यासाठी मुलाने नाकाने श्वास घ्यायला तयार असावं लागतं, रडणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

हात दाबून धरण्याबद्दल: दाताला मार लागून रक्त वाहतंय अशी तातडी असेल तेव्हा आईबाबांना सांगून, त्यांच्या संमतीने, थोडा वेळ धरावं लागतं. नेहमीच्या कामासाठी, आईला बाहेर ठेवून, न विचारता, हे मला मान्य नाही. काही चांगले डॉक्टर आईबाबांना बाहेर बसवतात हेही खरं, काही मुलं एकटी जास्त शांत असतात, पण ते आधी बोलून ठरवायचं असतं.

सह्याद्रीवेडा, खर्चाचं तुमचं दुखणं खोटं नाही. पण लवंगेचं तेल लहान मुलांच्या दाताला लावू नका, हिरडी आणि गाल भाजतो, आणि गिळलं गेलं तर लहान मुलाला घातक ठरू शकतं. दोऱ्याने हलणारा दात निघतो, किडलेली दाढ नाही. आणि आपल्या लहानपणी मूल दिवसातून किती वेळा बिस्किट खायचं ते आठवून बघा. दाताला गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं.

वऱ्हाडी_बाप (नागपूर)

खर्चाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आम्ही पोरीला इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं, मेडिकल कॉलेजच्या आवारातलं. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आधी ओरल मेडिसिनवाले (तोंडाच्या आजारांचा विभाग) तपासतात, तिथून मुलांच्या विभागात पाठवतात. एक्स-रे तिथेच. काम एमडीएसला शिकणारी डॉक्टर पोरं-पोरी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघून जातात. पैसे खाजगीच्या मानाने काहीच नाहीत.

वेळ मात्र लागतो भाऊ. एका दाढेसाठी पुन्हा पुन्हा जावं लागलं, शाळा बुडाली, मला अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या टाकाव्या लागल्या. पण जी डॉक्टर मिळाली तिला घाई नव्हती. माझ्या पोरीने पहिल्यांदा खुर्चीवर बसायलाच नकार दिला तर ती खाली फरशीवर बसली तिच्यासमोर आणि तिथेच आरशाने बघितलं. मी उभा राहून बघत होतो, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खाजगीत दर अर्ध्या तासाला पुढचा पेशंट असतो, तिथे हे जमणं कठीण.

मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय डेंटल आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल आहे, संभाजीनगरलाही शासकीय आहे. नाशिकचं मला माहीत नाही, तिथले कुणी सांगा.

पंचवटीकर

नाशिकला शासकीय नाही पण पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, संस्थेचं आहे, मुलांचा वेगळा विभाग आहे. आमच्या शेजारच्यांनी नातवाला तिथे नेलं होतं, समाधानी होते. सुट्ट्या, परीक्षा वगैरे असू शकतात, म्हणून आधी फोनवर विचारून जा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नवऱ्याला आणि सासूबाईंना डॉक्टरताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत राहते हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या मग दाढेचं तरी बघून घे, एवढंही पुष्कळ झालं. ठरवलंय की कॉलेजमध्ये दाखवायचं आणि शिवाय एका मुलांच्या दंततज्ज्ञ बाई आहेत त्यांनाही, त्यांना फोन केला तर म्हणाल्या पहिल्या दिवशी फक्त ओळख करून घेऊ, तुम्ही आत बसा, त्याचं आवडतं खेळणं घेऊन या. हे ऐकूनच निम्मी काळजी गेली.

आता दोन प्रश्न. घरी त्याला काय सांगून नेऊ? आधीच्या प्रकारानंतर तो गाडीत बसायलाच तयार होणार नाही. आणि तोवर ब्रश कसा करू? बळजबरी करायची नाहीये पण दात तसेच सोडवतही नाहीत.

दोन_पोरांची_आई (पुणे)

खोटं सांगून नेऊ नकोस, आजीकडे जातोय म्हणून क्लिनिकला उतरवलं तर पुढच्या वेळी खरंच आजीकडे जातानाही रडेल. साधं सांग, नवीन डॉक्टर मावशी आहेत, आज त्या फक्त दात मोजणार, मी तुझ्याजवळच बसणारे. आणि अजिबात दुखणार नाही हे वाक्य घरात कुणीच बोलायचं नाही, दुखणं हा शब्द ऐकला की मुलांना तेवढंच ऐकू येतं. मस्ती केलीस तर डॉक्टरकाका इंजेक्शन देतील हे तर आपल्याकडे सगळेच बोलतात, शेजारणीपासून रिक्षावाल्यापर्यंत, ते थांबव.

अपॉइंटमेंट सकाळची घे, नाश्ता झाल्यावर. संध्याकाळी मुलं कंटाळलेली असतात आणि डॉक्टरही.

दंतवैद्य_पीडो (कोल्हापूर)

वरचं सगळं अगदी बरोबर आहे. एक भर घालते, पुढे कधी दाढ बधिर करून काम झालं तर बधिरपणा जाईपर्यंत दोन-तीन तास त्याच्याकडे लक्ष ठेवा. गालाला काहीच कळत नसतं म्हणून मुलं ओठ किंवा गाल चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून आईबाबा घाबरून फोन करतात. तोवर चावायचं खाणं नको.

ब्रशसाठी: त्याला उभं करून समोरून दात घासू नका, नीट दिसतही नाही आणि तो मागे सरकतो. जमिनीवर किंवा पलंगावर बसा, त्याचं डोकं तुमच्या मांडीत, तोंड वर. घरात दुसरं कुणी असेल तर समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसा, त्याचे पाय त्यांच्याकडे, डोकं तुमच्याकडे. सुरुवातीला ब्रश नको, ओल्या मऊ फडक्याने दात पुसा, चारच दात पुसले तरी चालेल, उद्या सहा. मग ब्रश त्याच्याच हातात द्या, आधी त्याने तुमचे दात घासायचे, मग तुम्ही त्याचे. रात्रीची वेळ सगळ्यात महत्त्वाची, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. रात्रीचं दूध अजून चालू असेल तर ते जेवणाच्या वेळेला ओढा, कपातून.

पेस्ट फ्लोराइडची. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा फार कमी असतं, ट्यूबच्या मागे पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) बघा, १००० च्या आसपास हवं. तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तुमच्या मुलाला वाटाण्याएवढी, थुंकायला शिकवा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं, तिथले कुणी वाचत असाल तर पाणी कुठलं पिता ते डॉक्टरांना आधी सांगा.

पहिल्या भेटीत त्यांना फ्लोराइड वार्निशबद्दलही (कीड रोखायला लावतात तो फ्लोराइडचा लेप) विचारा, ते दातांवर लावायला फार वेळ लागत नाही आणि मुलाला खुर्चीची सवय व्हायला सोपं काम आहे. आणि या सगळ्यात दाढ रात्री ठणकायला लागली, हिरडीवर पुवाची फोड आली किंवा गाल सुजून ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी न्या, कॉलेज असो की क्लिनिक, आणि गाल शेकू नका.

गोदाकाठची

मांडीवर डोकं घेऊन फडक्याने पुसून बघितलं आत्ता. वरचे पुढचे पुसू दिले, दाढेपाशी गेल्यावर माझा हात धरला पण ओठ मिटले नाहीत. मंगळवारी सकाळची वेळ मिळालीये, डायनोसॉर घेऊन जातोय. कॉलेजमध्ये कधी जायचं ते पंचवटीकर, तुम्ही म्हणालात तसं फोन करून ठरवते.